मदत हवी आहे : हरिश्चंद्रगडावर दोन वाटांनी जाण्याबाबत

नमस्कार. दिवाळीनंतर घरच्या मंडळींसह हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जाण्याचा विचार आहे. वडील ६७ वर्षांचे असून सपाटीवर आरामात चालतात, मात्र उतरताना त्यांचा गुडघा कुरकुरतो. म्हणून आईवडिलांना पाचनईच्या सर्वांत सोप्या वाटेने न्यावे, आम्ही भावंडांनी खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे चढावे आणि सर्वांनी हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी भेटावे, असे घाटत आहे. (धाकट्याने नळीच्या वाटेचे नाव काढले होते, बेलपाड्याकडून कोकणकड्याच्या बाजूने चढणारी, सुट्या दगडगोट्यांची ती वाट जाणत्या सोबत्याशिवाय करण्याची नव्हे, असे सांगून तो विषय मिटवला.)

टोलार खिंडीच्या वर कातळटप्प्यावर रेलिंग आहेत, परंतु पावसाळ्यानंतर तेथील शेवाळ साधारण केव्हा वाळते? पाचनईच्या वाटेवर कड्याच्या पोटातून जाणारा आडवा टप्पा सोडल्यास उतरताना गुडघ्याला कोठे जपावे लागेल? शिवाय सर्वांनी पाचनईलाच उतरायचे ठरवले, तर खिरेश्वरला ठेवलेली गाडी आणण्यासाठी रस्त्याने मोठा वळसा पडतो; त्यासाठी गावात भाड्याची जीप मिळते का? नुकतेच जाऊन आलेल्यांनी कृपया कळवावे.