मदत हवी आहे: स्टेन्सिलखालून पेस्ट शिरते, कार्डही वाकतं

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. राखीच्या पाकिटात घालायची कार्डं मी घरीच करते. यंदा उठावाची नक्षी करायचं मनात आहे. पांढऱ्यावर पांढरे षटकोन, जुन्या खिडकीच्या जाळीसारखे, आणि मध्ये एकाच घरात लाल ठिपका. व्हिडिओत बघावं तर स्टेन्सिल, म्हणजे नक्षी कापलेलं पातळ शीट, ठेवलं, पेस्ट ओढली, स्टेन्सिल उचललं की झालं! माझ्याकडे षटकोनांमधल्या रेघाच बुजून जातात.

स्टेन्सिल ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लॅस्टिकचं पातळ शीट) कटरने मीच कापलंय. पेस्ट घरचीच आहे: फेविकॉल, टाल्कम पावडर, थोडा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग. कागद 180 जीएसएमचा (आकडा मोठा तितका कागद जाड), पसरवायला जुनं एटीएम कार्ड.

दुसरं दुखणं म्हणजे वाळल्यावर कार्डाच्या कडा वर येतात. तिसरं, वाळलंय असं वाटून प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवलं तर नक्षी पिशवीला चिकटली. चिपळूणचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. एक पाकीट भावाला टोरंटोला जायचंय, त्यामुळे फार दिवस हातात नाहीत. तयार डबी घेऊ का? दुकानात एम्बॉसिंग पेस्ट, टेक्स्चर पेस्ट, मॉडेलिंग पेस्ट अशी तीन-तीन नावं दिसतात.

कातरकाम
ताई, आधी स्टेन्सिलच्या कापलेल्या कडांवरून बोट फिरवून बघा. ब्लेडने प्लॅस्टिक कापलं की कडेला बारीक काठ उभा राहतो. तो खालच्या बाजूला असेल तर शीट कागदाला टेकतच नाही आणि पेस्टला वाट मिळते. बारीक पॉलिश पेपरने घासून टाका. षटकोनांमधल्या पट्ट्या निदान 2 मिलिमीटर तरी ठेवा, त्याहून बारीक पट्टी पेस्टच्या ओढीने उचलली जाते.

पेस्ट घट्ट हवी, टांगलेल्या चक्क्याइतकी. सुरीवर घेऊन सुरी उलटी केली तरी पडता कामा नये. मास्किंग टेपने एकच बाजू पक्की करा आणि त्या बाजूकडून मोकळ्या बाजूकडे ओढा, म्हणजे शीट ताणलेलं राहतं. उलट ओढलंत तर ते मध्ये फुगतं. एटीएम कार्ड जवळजवळ आडवं धरा, उभं धरलं की कड जाळीत घुसते. आणि एकदाच ओढा हो! गुळगुळीत करण्याच्या नादात मागे-पुढे केलं की खाली गेलीच समजा. उचलतानाही टेप न काढता मोकळ्या बाजूने, वहीचं पान उलटावं तसं.

रंगारीकाका
वरचं सगळं बरोबर. ओएचपी शीट साधारण 100 मायक्रॉनचं असतं, म्हणजे उठाव जेमतेम 0.1 मिलिमीटर येणार. विकतची मायलारची (एक चिवट प्लॅस्टिक) स्टेन्सिल बरीचशी 190 मायक्रॉनच्या आसपास असतात, त्यात नक्षी बोटाला नीट लागते.

त्या तीन नावांत अडकू नका. अ‍ॅक्रिलिकच्या चिकात खडूसारखी किंवा संगमरवराची पूड, हाच मामला असतो. कमी-जास्त होतो तो दाटपणा आणि चमक. पोस्टाने पाठवायचं तर 'लाइट' लिहिलेली मॉडेलिंग पेस्ट बघा, वजनाला हलकी असते. घरच्या पेस्टवर माझा राग नाही, पण पावडर जास्त झाली की ती तडकते आणि फेविकॉल जास्त झाला की दमट हवेत चिकट राहते. कोकणात जुलैमध्ये तो तोल सांभाळण्यापेक्षा डबी परवडली.

सुबक
कार्ड वाकतं ते कागदाने पाणी पिल्यामुळे, शिवाय पेस्ट वाळताना आक्रसते. 300 जीएसएम घ्या. मी तर नक्षी वेगळ्या तुकड्यावर काढते, वाळू देते, कडा कापते आणि दुहेरी टेपने कार्डावर बसवते. एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच जातो, अख्खं कार्ड नाही.

वाशिष्ठीकाठ
बापरे, इतकं पटापट! कडा बघितल्या, खरंच काठ आहे, तोही खालीच. वेगळ्या तुकड्याची युक्ती फारच आवडली. हेअर ड्रायरने वाळवलं तर चालेल का? आणि वर सोनेरी एम्बॉसिंग पावडर, ती तापवली की वितळणारी, टाकायची झाली तर?

कातरकाम
ड्रायर थंड हवेवर, लांबून, चालेल. गरम नको. वरचा थर आधी धरतो, आतलं पाणी वाफ होऊन बुडबुडे काढतं. पावडर ओल्या पेस्टवर भुरभुरा, जास्तीची झटका, मग पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतरच हीट गन, म्हणजे खूप गरम हवा सोडणारं यंत्र. ड्रायरने ती पावडर वितळत नाही, उडून मात्र जाते. पण पांढऱ्यावर पांढरं इतकं छान सुचलंय, सोनेरी कशाला?

रंगारीकाका
वाळलं की नाही ते नुसतं बघून कळत नाही. मनगटाची आतली बाजू नक्षीला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस धरून चाला.

वाळल्यावरही प्लॅस्टिक नको. अ‍ॅक्रिलिक उबेत पुन्हा मऊ होतं आणि दाबाखाली समोरच्याला चिकटतं. टोरंटोच्या पाकिटात नक्षीवर सिलिकॉनचा हात दिलेला बेकिंग पेपर ठेवा, साधा बटर पेपर चिकटू शकतो. मागेपुढे पुठ्ठा घाला. राखीचे मणी कार्डावर येऊ देऊ नका, दाबाने नक्षीत खड्डा पाडतात.

हौशी_पुणेकर
रांगोळीचे छापे चालतील का हो यासाठी? घरात ढीग आहे.

सुबक
काठाचे असतील तर नाही, कागदावर सपाट बसत नाहीत. सपाट, पातळ जाळी असेल तर ठिपक्यांची नक्षी मस्त येते.

ताई, स्टेन्सिल लगेच धुवायचं, वाळलेली पेस्ट खरवडताना पट्ट्या तुटतात. आधी वर्तमानपत्राने पुसा, मग बादलीत. बेसिनमध्ये नको, नळी तुंबते.