मदत हवी आहे: नियमावरून वाद झाला की निकाल कसा देता?

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापूरला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर खेळायची साहसकथा. पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा, मी. किल्ला आपल्या भुईकोटावरून बेतलाय, खंदक आणि शेजारच्या तळ्यासकट.

गेल्या सेशनला गोब्लिन (छोटे राक्षस) दरवाज्यातून आत घुसत होते. विझार्डने (जादूगार पात्र) ग्रीस नावाचा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकला, दहा फूट बाय दहा फूट जमीन निसरडी झाली, दोघं आडवे. लगेच सॉर्सररने (दुसरं जादूगार पात्र) त्या ग्रीसवर फायर बोल्ट, म्हणजे आगीचा स्पेल, सोडला. "पेटायला पाहिजे की बे! ग्रीस म्हणजे तेलकटच असतंय!"

विझार्डने पुस्तक उघडलं. ग्रीसच्या वर्णनात पेटण्याबद्दल अवाक्षर नाही. वेब या जाळं पसरणाऱ्या स्पेलच्या वर्णनात मात्र जाळं पेटतं असं स्पष्ट लिहिलंय, आगीत टर्न (आपली पाळी) सुरू करणाऱ्याला २डी४, म्हणजे चार बाजूंच्या दोन फाशांची बेरीज येईल तेवढी, इजा होते हेसुद्धा. त्याचं म्हणणं, जे पेटतं त्याचं लिहिलंय, इथं लिहिलेलं नाही म्हणजे पेटत नाही. तिसऱ्याने मोबाइलवर २०२४ ची आवृत्ती काढली. तिच्यात हे ग्रीस पेटत नाही असं थेटच आहे. मग 'आपण कुठली आवृत्ती खेळतोय' यावर दुसरा वाद. क्लेरिक खेळणारी मुलगी हातात फासा धरून नुसती बसून होती.

मी निकाल दिला की पेटत नाही. ग्रीस पहिल्या पातळीचा स्पेल, त्याला फुकटात आग जोडली तर उद्या वरच्या पातळीचं वेब कोण घेईल? निकाल मला आजही बरोबर वाटतो.

डीएमचा शब्द शेवटचा, हे सगळ्यांना मान्य आहे. त्यामुळे अडचण अधिकाराची नाहीच. सॉर्सरर खेळणारा आमचा तेलुगू घरातला मित्र आहे. जाडजूड इंग्रजी पुस्तक त्याने वाचलेलं नाही, पण टेबलावरच्या सगळ्यात भन्नाट कल्पना त्याच्याच असतात. त्या निकालानंतर तो प्रत्येक टर्नला एवढंच म्हणाला, "फायर बोल्ट, जवळच्याला." फासा टाकला, आकडा सांगितला, संपलं. हे मला फार लागलंय. पुस्तक वाचलेल्याचंच चालतं असं त्याला वाटलं, तर तो हळूहळू यायचा बंद होईल.

तर जाणकारांनी सांगावं: नाही म्हणायचंच असेल तर ते कसं म्हणता? आणि पुस्तक उघडायला किती वेळ देता?

प्रतिसाद

निकाल योग्यच आहे. पण 'पेटतं का?' हा प्रश्न घेण्याआधी त्याला विचारा, "तुला काय साधायचंय?" त्याला बहुतेक दरवाज्यात आग हवी होती, ग्रीसशी त्याला काही देणंघेणं नाही. मग लगेच सांगा, ग्रीस पेटणार नाही, पण पिशवीत तेलाची बाटली असेल तर ओत. पाच फूट चौकोनात पसरतं, पेटवलं की दोन राउंड (सगळ्यांच्या दोन-दोन पाळ्या) जळतं, आत शिरेल किंवा तिथे टर्न संपवेल त्याला ५ इजा. हे नियमातच आहे, विझार्डलाही बोलायला जागा नाही. आणि घोषित केलेला फायर बोल्ट परत घेऊ द्या, टर्न वाया घालवू नका.

वेळेचं म्हणाल तर आमच्याकडे मारामारी चालू असताना पुस्तक फक्त डीएम उघडतो, तेही त्या एका स्पेलचं पान. सापडलं नाही तर निकाल त्या दिवसापुरता, बाकी चर्चा चहाच्या वेळी. आवृत्ती मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

धागाकर्ता

धन्यवाद! घोषणा परत घेऊ देणं सुचलंच नव्हतं. गोब्लिन पुढच्या रविवारी त्याच दरवाज्याने परतणार आहेत, आणि देवडीत पहारेकऱ्यांच्या दिव्यांचं तेल असणारच. ते मी वर्णनात सांगेन, पुढचं त्याच्यावर सोडतो. मित्राला आधी फोन करून 'ये नक्की' म्हणतो.