मोबदला खात्यात पडला, मग घरात काय झालं?

समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून ७०१ किलोमीटर गेला. बोलणं होतं ते टोलचं, वेगाचं, अपघातांचं. ज्यांच्या वावरातून तो गेला त्यांच्या खात्यात एकरकमी पैसे पडल्यावर घरात काय झालं, हे कुणी लिहीत नाही. आमच्या सिन्नर तालुक्यात बंगले उठले, स्कॉर्पिओ आल्या आणि सख्ख्या भावांच्या ओट्यांमध्ये भिंतीही आल्या. तुमच्या घरात काय झालं ते इथं लिहा. समृद्धीच पाहिजे असं नाही. सिडको, एमआयडीसी, धरण, कशाचाही मोबदला चालेल. माणसांची नावं नकोत. 'पैसा म्हणजे मोहमाया' छापाची सुभाषितं तर मुळीच नकोत.

माहेरवाशीण, कोपरगावकडची

वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर भावांबरोबर माझंही नाव लागलं होतं. जमिनीच्या सरकारी खरेदीला सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात, म्हणून एके दिवशी दोघे भाऊ वहिनींसकट दारात हजर. साडी, मिठाई, भाच्यांना कपडे. त्याआधीच्या भाऊबीजेला साधा फोन नव्हता. चहा होताच हक्कसोडाचा, म्हणजे माझा हिस्सा सोडून देण्याचा कागद पुढे आला. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

मी सही दिली नाही. माझा हिस्सा माझ्या खात्यात आला, त्यातून लेकीच्या इंजिनिअरिंगची फी भरली, त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. लोक म्हणतात, पैशापायी माहेर तोडलं. माझ्या मते ते आधीच तुटलं होतं, पैसे आल्यावर उघड झालं इतकंच. पण आईला भेटायचं तर आता मावशीकडे जावं लागतं. आई तिथं येते, आणि थोरला विचारेल म्हणून चार वाजले की घड्याळाकडे बघायला लागते. लाखांचा हिशेब मला जमला, हे चार वाजणं नाही जमत.

उलवेकर

आमचं नवी मुंबईतलं, सिडकोचं. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळतो, त्यामागे जानेवारी १९८४ चं जासईचं आंदोलन आहे, गोळीबारात पाच माणसं गेली. आजोबा त्यात होते, शेवटपर्यंत सांगायचे. भूखंड हातात आला तो आम्ही बिल्डरला दिला. आता एकाच इमारतीत तीन काका आणि आम्ही, चार मजल्यांवर. पूर्वी गणपती एकच असायचा, आता चार. आरतीच्या वेळा जुळू नयेत याची खबरदारी घेतात की काय, कोण जाणे! भांडण मात्र नाही हं. भाताच्या लावणीला माणसं लागायची तेव्हा सगळे एकमेकांच्या शेतात असायचे. शेतीच गेली. आता कुणाचं कुणावाचून अडत नाही.

निवृत्त तलाठी

ज्यांनी कधी बांधावर पाय ठेवला नव्हता असे चुलते जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढायला रांगेत उभे राहिलेले पाहिलेत. हिश्शाचा वाद असला की रक्कम वाद मिटवणाऱ्या प्राधिकरणाकडे अडकून पडते. वेळेवर खातेफोड, म्हणजे कागदावर हिस्से वेगळे, केलेली घरं सुटली. 'आमचं सगळं एकत्रच आहे' म्हणून मिरवणारीच जास्त करून कोर्टात गेली. प्रेमाला कागद कशाला, असं म्हणतात. माझा अनुभव असा की कागद स्वच्छ असला तर दिवाळीला बोलणं तरी राहतं.

वाशीमचा

माझं थोडं उलटं आहे. मोबदल्यातून सोसायटीचं कर्ज फिटलं, सातबाऱ्यावरचा बोजा उतरला आणि आई-बाबांची रात्रीची भांडणं थांबली. पैशाने सुख मिळत नाही म्हणणाऱ्यांच्या दारात वसुलीवाला आला नसावा.

लग्नाचं मात्र ऐका. शेतकरी म्हणून नकारावर नकार येत होते, ते पैसे आल्याची बातमी फुटताच स्थळं स्वतःहून यायला लागली. एका ठिकाणी पोहे खाताखाता मुलीच्या मामांनी विचारलं, "रक्कम एफडीत ठेवली ना?" मी उठणारच होतो. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "मामा असेच आहेत. पण उत्तर द्या, मलाही ऐकायचंय." इतक्या बघण्यांत सरळ बोललेली ती एकटीच. लग्न तिच्याशीच केलं. एफडीवर आता तिचंही नाव आहे.