अनुभव धागा: जुन्या देवळात आपण काय ठेवून येतो?

नवरात्र तोंडावर आलंय, पाटणादेवीच्या वाटेला गर्दी लागेल, म्हणून विषय काढतो. पाटण, बलसाणे, वाघळी, चांगदेव अशा खानदेशातल्या जुन्या देवळांत तुम्ही काय वाहता? वाहिलेल्याचं पुढे काय होतं? श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद इथे नको, त्याला दुसरे धागे पडलेत. पाहिलेलं लिहा.

मी एवढंच टाकतो. पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. त्यातल्या मराठी भागात घाण्यामागे पळी पळी तेल मठाला द्यायचं ठरलंय. म्हणजे तेल देण्याची रीत इथे जुनीच. पण ते दिव्यात जळायचं, पोरांच्या पोटात जायचं. दगडावर ओतायचं कधी सुरू झालं?

चाळीसगावची सून
सासूबाईंची ओटी म्हणजे खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ, वर हिरव्या बांगड्या. आता दुकानात हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत सील करूनच मिळतं, आणि पिशवी तशीच देवीपुढे टेकवली जाते. पाटणादेवी गौताळा अभयारण्यात आहे, माकडं पायरीवर टपलेलीच. मागच्या नवरात्रात एक माकडीण पिल्लू पोटाशी धरून दातांनी पिशवी फाडत होती. खोबरं तिने खाल्लं, चकचकीत खणाची चिंधी पिल्लू चघळत बसलं. सासूबाईंनी तिथेच ठरवलं: ओटी घरच्या ताटात न्यायची, खण सुती घ्यायचा आणि देवीला दाखवून तिथल्याच एखाद्या बाईच्या पदरात घालायचा. जाऊबाईंना हे अजून पटलेलं नाही. "दुसरीला दिली तर नवस फिटला का?" असं त्या दर वेळी विचारतात.

गुरवाचा पोरगा
गाव सांगत नाही. "वाहणं बंद करा" म्हणणं सोपं आहे हो. आमच्याकडे इनामाची जमीन राहिलेली नाही, ताटात पडेल त्यावर घर चालतं. नारळ परत दुकानात जातो म्हणून नाकं मुरडता. जातो. दुकानदार अर्ध्या भावात घेतो, त्यावर बहिणीची फी भरली. फिरलेला नारळ नको असेल तर फोडा आणि प्रसाद वाटा, माझी ना नाही.

मला त्रास आहे तो तेलाचा. आवारात मारुती आहे, शनिवारी बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या होतात. तेल ओघळून जुन्या पायरीवर येतं, त्यावर धूळ बसते, म्हाताऱ्या घसरतात. रविवारी पहाटे भुसा टाकून मी घासतो. समईजवळ डबा ठेवलाय, "तेल यात ओता, दिवा महिनाभर चालेल" असं लिहून. आई दारात बसून सांगत असते, "तेल नका टाकू व माय, दगडले लागस." ऐकणारे थोडे. बाकीचे डब्यात ओततात आणि वर मारुतीवरही ओततात.

छिन्नीवाला
जुन्या मूर्ती साफ करण्याच्या कामावर होतो, म्हणून जरा लांबण लावतो. शेंदूर म्हणजे बहुतेक वेळा शिशाचं संयुग. तेलात कालवून लावला की वाळून कडक होतो आणि पुढच्या वर्षी त्यावर दुसरा थर चढतो. सप्तशृंग गडावर 2022 मध्ये शेंदराचा थर काढला तेव्हा खालची कोरीव मूर्ती लोकांनी पहिल्यांदा पाहिली. खानदेशातून दर चैत्रात पायी जाणाऱ्यांना वाटायचं, आईचं रूप तेच.

कापराची काजळी आणि उंबऱ्यावर आपटलेला नारळ यांचंही तसंच. चंद्रशिळेची, म्हणजे उंबऱ्यापुढच्या अर्धगोल कोरीव पायरीची, किनार नारळांनीच उडते. पण सगळ्यात वाईट काम उत्साही भक्तांचं: ॲसिड आणि तारेचा ब्रश. तेलाने झाकलेलं निदान खाली राहतं, घासून गेलेलं कुठून आणणार? त्यामुळे धागा वाचून कुणी बादली घेऊन निघणार असेल तर थांबा.

तळोदेकर
आमच्याकडे उलटं आहे. देवमोगरा माता ही आम्हा आदिवासींची देवी, तिला महाशिवरात्रीला आम्ही बांबूच्या टोपलीतून धान्य नेतो, मोहाच्या दारूची धार देतो. सगळं माती होणारं. अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत चढतो, तिथेही पूर्वी जे न्यायचे ते शेतातलंच. प्लास्टिक आलं ते दुकानांबरोबर, शहरातल्या पाहुण्यांबरोबर. आता तेच येऊन आम्हाला शिकवतात की डोंगरावर दारू देऊ नका, शोभत नाही. कचरा त्यांचा, लाज आमची! डोंगर आमचा देव आहे, कुणाचं स्मारक नाही, हे आधी समजून घ्या.

तापीकाठ
चांगदेवला तापी-पूर्णा संगमावर हतनूरच्या धरणाचं पाणी थांबलेलं असतं. निर्माल्याची पिशवी गाठ मारून सोडली की वाहत नाही, कडेलाच तरंगते. यापुढे सांगण्यासारखं काही नाही.

साक्रीचा मास्तर
एक शंका वर कुणी विचारली नाही म्हणून लिहितो. पुरातत्त्व खातं पूजा बंद करतं, हा गैरसमज आहे. संरक्षणात घेतलं तेव्हा जिथे पूजा चालू होती तिथे ती चालू राहते, जिथे नव्हती तिथे नव्याने सुरू करू देत नाहीत. बलसाण्याला पोरांची सहल नेली की कुणीतरी मोडक्या मूर्तीपुढे नाणं ठेवतंच. मी उचलायला लावत नाही, पण कुंकवाची पुडी निघाली तर हात धरतो.

पारोळ्याची पोर
छिन्नीवाले दादा, तुम्हाला विचारायचं होतं. आमच्या वेशीवरचा मारुती मारुती नाहीच, वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. शेंदराच्या वर फक्त चंद्र-सूर्य दिसतात, खालची लढाई बुजून गेलीय. काढायचा म्हटलं तर आजी म्हणते, "इतकी वर्षं मारुती म्हणून हात जोडले, आता ते कुणाला पोचले म्हणू?"

छिन्नीवाला
आजींना जोडू द्या हात. आधी फोटो काढून ठेवा, गावाला दाखवा, खाली काय असेल ते सांगा. काढायचं ठरलं तर जाणकार माणूस बोलवा, आणि नवा थर तेवढा थांबवा. शेजारी एक पणती ठेवून बघा, तेल तिथे जातं का.