कॅडिलॅकने तरुणांसाठी चेहरा बदलला, ते योग्य केलं का?

चाकोरीबाहेर: नव्वदच्या दशकात कॅडिलॅक, म्हणजे जनरल मोटर्सचा महागड्या गाड्यांचा ब्रँड, ही निवृत्त आजोबांची गाडी, हा शिक्का अमेरिकेत पक्का बसला होता. पैसेवाला तरुण थेट बीएमडब्ल्यूकडे वळायचा. 2002 मध्ये विक्रीला आलेल्या सीटीएस या कॅडिलॅकच्या सेडानने हा शिक्का पुसला, असं माझं ठाम मत आहे. उभे दिवे, सपाट पत्रा, धारदार कडा. 1999 च्या इव्होक या नमुना गाडीत ही शैली पहिल्यांदा दिसली, नाव 'आर्ट अँड सायन्स'. पण श्रेय नुसत्या पत्र्याचं नाही. सीटीएस मागच्या चाकांवर चालणारी होती, क्लचवाला गिअरबॉक्सही मिळायचा आणि जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर तिची कसून चाचणी झाली होती. याउलट कॅडिलॅकचीच 1982 मॉडेलची सिमारॉन घ्या. स्वस्तातल्या शेव्हरोले कॅव्हेलियरचाच सांगाडा, वर कॅडिलॅकचा बिल्ला. लोकांनी ते बरोबर ओळखलं.

जुनंसोनं: सपशेल असहमत. जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्लच्या हाताखाली 1948 ला पी-38 लढाऊ विमानावरून गाडीच्या मागच्या टोकाला पंखांसारखे शोभेचे उभे पत्रे आले, 1959 ला ते सगळ्यात उंच झाले, त्यांत टोकदार जोडदिवे. ती मिरवणारी, ऐसपैस गाडी हीच कॅडिलॅक. पहिल्या सीटीएसचं दार उघडलं की समोर कडक, राखाडी प्लास्टिक. एवढे पैसे मोजणाऱ्याला हे द्यायचं? शिवाय घरचं गिऱ्हाईक दुखावण्याचा धोका असतोच. 'ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबाइल नाही' अशी जाहिरात 1988 मध्ये त्याच जनरल मोटर्सने आपल्या ओल्ड्समोबाइल या दुसऱ्या ब्रँडसाठी केली. जुने नाराज, नवे आलेच नाहीत. 2004 ला तो ब्रँड बंद.

गिअरबदल: ओल्ड्समोबाइलच्या जाहिरातीएवढी गाडी बदलली नव्हती. इथे गाडी बदलली. सीटीएसचीच वेगवान आवृत्ती, 2004 ची सीटीएस-व्ही बघा: 400 अश्वशक्तीचं 8 सिलिंडरचं व्ही8 इंजिन आणि फक्त मॅन्युअल, 6 गिअर. आजोबांसाठी असं कोण बनवतं? प्लास्टिकचा मुद्दा मान्य, पण 2008 च्या दुसऱ्या पिढीत आतली बाजू खूपच सुधारली.

मिशिगनकर: तुम्ही सगळे कॅडिलॅकची मोठी एसयूव्ही एस्कलेड कशी काय विसरलात? प्रतिस्पर्धी लिंकनची नेव्हिगेटर ही एसयूव्ही जोरात खपतेय म्हटल्यावर जनरल मोटर्सच्याच जीएमसी युकॉन डेनालीवर घाईघाईत बिल्ला लावून ती 1999 मॉडेल म्हणून उतरवली. म्हणजे चाकोरीबाहेर यांनी वर सांगितलेली, सिमारॉनला भोवलेली युक्तीच इथे फळली. रॅप गायकांनी आणि खेळाडूंनी गाडी डोक्यावर घेतली, ते कंपनीने ठरवून केलेलं नव्हतं. तरुणाई आली ती तिथून.

चाकोरीबाहेर: तुमचा मुद्दा वजनदार आहे. पण 2002 मॉडेलला एस्कलेडला स्वतःचा चेहरा मिळाला, खरी चलती त्यानंतरची. आणि अवाढव्य एसयूव्ही नको असलेल्या तिशीतल्या माणसाला शोरूममध्ये दाखवायला सीटीएसच होती.

जुनंसोनं: तरी 2019 मध्ये बंद झाली ती सीटीएस. एस्कलेड अजून विकली जातेय, आणि ती आहे मोठी, मऊ, मिरवणारी. मी वर मागत होतो ती हीच.