शालेय स्पर्धेत झेडपी अन् खाजगी शाळा एकाच ड्रॉमंदी काहून?

काळीमाती_यवतमाळ:
राम राम मंडळी. परवा पोरीची तालुक्याची कबड्डी मॅच पाहाले गेलतो, १४ वर्षाखालच्या मुलींची. आमची झेडपीची शाळा अन् समोर खाजगी निवासी शाळा, मॅच बी त्याहीच्याच हॉलमंदी, मॅट टाकलेली, कोच वेगळा, ट्रॅकसूट काय, पाण्याचा जार काय. आमच्या पोट्ट्या गावात काळ्या मातीत अनवाणी खेळणाऱ्या. सात जणीत बुटाचे जोड चार! जी आऊट होऊन बाहेर येई तिचे बूट आत जाणारीच्या पायात, लेस बांधाले टाइम नाई, तशीच पळे बिचारी. हाफ टाइमले ३१-६. आता सांगा, याले स्पर्धा म्हणाव का? सरकारी शाळाईचा गट वेगळा काहून नाई करत?

चढाई_नं_१:
भौ, वाईट वाटलं पण गट वेगळा केला तं पुढं काय? जिल्ह्याले, विभागाले तेच पोट्टे समोर येनार. अन् नोकरीतलं खेळाडूचं ५ टक्के आरक्षण पाहिजे तं सर्टिफिकेटले वजन लागते. झेडपी गटाचं सर्टिफिकेट कोण विचारते मंग? मी बी झेडपीचाच हाव, हरून हरूनच शिकलो.

रिटायर_पीटी_सर:
आधी खाजगी म्हणजे कोण ते ठरवा. आपल्याकडे झेडपी बहुतेक जागी सातवी-आठवीलेच संपते, पुढचं हायस्कूल संस्थेचं, अनुदानित, मास्तरचा पगार सरकारचा. १७ वर्षाखालच्या गटात त्या शाळेले कुठं बसवता? अन् नवोदय? ते तं सरकारीच हाये, पण निवासी, पोरं अख्ख्या जिल्ह्यातून निवडलेली. म्हणजे भांडण खाजगी-सरकारीचं नाईच, गावात जे पोरं हायेत तेवढ्यावर टीम करणारी शाळा अन् बाहेरून आणून होस्टेलात ठेवणारी शाळा, भांडण याहीचं हाये. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, खेळाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सहावी ते आठवीले, तो बी पट १०० च्या वर असन तं. आमच्या आजूबाजूच्या शाळाईत पट ४०-५०, मंग शिकवन कोण, गणिताचे सरच शिट्टी मारतात.

नागपूरकर_सध्या_बाहेर:
सरांचं बरोबर आहे. अमेरिकेत हाच वाद आहे, तिकडे इलिनॉय राज्यात ज्या शाळेला हद्द नाही, म्हणजे कुठूनही मुलं घेते, तिचा पट १.६५ ने गुणतात अन् मोठ्या शाळांच्या गटात टाकतात. बंदी नाही, गट बदलतो. आपल्याकडेही राष्ट्रीय शालेय स्पर्धेत नवोदय, केंद्रीय विद्यालय, सीबीएसई यांच्या टीम राज्याच्या टीमपेक्षा वेगळ्या असतात, म्हणजे वेगळं काढता येते. फक्त तालुक्याला कोणी काढत नाही.

चढाई_नं_१:
गुणाकार कोण करन बाप्पा, आपल्याकडं ड्रॉ आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येते 😂

काळीमाती_यवतमाळ:
सर, तुमचं पटलं. गटाचं जाऊ द्या, निदान मॅच त्याहीच्या हॉलात नको, तालुका क्रीडा संकुलात ठेवा, दोघाईले सारखंच नवं. हे मागणं तं जास्त नाई ना?

रिटायर_पीटी_सर:
अर्ज लिहा, सही मी बी करतो. पण आधी संकुल पाहून या. परवा गेलतो तं कमरेएवढं गवत अन् मधात चार शेळ्या.