मदत हवी आहे: जीएमआरटी (खोडदची रेडिओ दुर्बीण) प्रपोजल, बँड ४ चे १० तास सलग मागू की तोडून? (मुदत परवा)

घाईतला_खगोली
एका दीर्घिकांच्या क्लस्टरमधला रेडिओ हेलो (क्लस्टरभर पसरलेलं अंधुक रेडिओ उत्सर्जन) बघायचाय, रेडशिफ्ट ०.२. बँड ४ (५५० ते ८५० मेगाहर्ट्झ), १० तास. कॅल्क्युलेटर ३ मायक्रोजान्स्कीच्या (जान्स्की हे रेडिओ तीव्रतेचं एकक) आसपास नॉइज दाखवतोय, म्हणजे भरपूर झालं. प्रश्न दोनच. १० तास सलग लिहू की ५+५? आणि फ्लक्स कॅलिब्रेटर (तीव्रता माहीत असलेला संदर्भस्रोत) म्हणून ३सी२८६ सुरुवातीला आणि शेवटी लिहिला तर चालेल ना? बाकी सायन्सचा मजकूर तयार आहे, तो शिकवू नका. मुदत परवाच आहे.

वायभुजा
डेक्लिनेशन?

निरीक्षणवही
डेक्लिनेशन, राइट असेन्शन (आकाशातले अक्षांश-रेखांश), हेलोचा कोनीय आकार, १.४ गिगाहर्ट्झचा फ्लक्स. यांतलं काहीच न देता "किती तास" हा प्रश्न म्हणजे गावाचं नाव न सांगता एसटीचं तिकीट मागण्यासारखं आहे.

घाईतला_खगोली
आरए साधारण २२ तास, डेक उणे २२. आकार १ मेगापार्सेक धरा. फ्लक्स एनव्हीएसएस सर्व्हेवरून ७.५ मिलिजान्स्की. पण याचा सलग की तोडून याच्याशी काय संबंध?

वायभुजा
सगळा संबंध तिथेच आहे. अँटेना १७ अंशांच्या खाली झुकत नाहीत. खोडदचं अक्षांश १९.१. डेक उणे २२ ला तासकोन (सोर्स डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेपासून किती दूर) काढा: साइन १७ मधून (साइन १९.१ गुणिले साइन उणे २२) वजा करा, येतं ०.४१५. त्याला कॉस १९.१ गुणिले कॉस २२ ने, म्हणजे ०.८७६ ने भागा. ०.४७४ आलं, म्हणजे कोन ६१.७ अंश, म्हणजे दोन्ही बाजूंना ४.१ तास. तुमचा क्लस्टर एका दिवसात ८.२ तासच दिसतो. सलग १० तास आकाशच देत नाही, समिती काय देणार! तांत्रिक छाननीत हे पहिल्या नजरेत दिसतं, आणि मग "यांनी सोर्स कधी उगवतो तेही पाहिलेलं नाही" असा ग्रह होतो तो वेगळाच.

मीरकाटवाला
उणे २२ म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकाट दुर्बिणीचाच सोर्स आहे हो. ते उणे ३०.७ अक्षांशावर आहे, तिथे हा जवळजवळ डोक्यावरून जातो. ६४ डिश, सर्वांत छोटी बेसलाइन (दोन डिशांमधलं अंतर) २९ मीटर, यूएचएफ बँड ५४४ ते १०८८ मेगाहर्ट्झ. पसरट उत्सर्जनाला याहून चांगलं काय? आणि आधी त्यांच्या क्लस्टर लेगसी सर्व्हेत बघा. ११५ क्लस्टर आहेत, प्रत्येकी ६ ते १० तास, एल-बँड, डेटा खुला आहे. तुमचा क्लस्टर त्यात निघाला तर हा धागाच बंद.

निरीक्षणवही
@मीरकाटवाला, विचारलंय खोडदबद्दल, मुदत परवा आहे. पण सर्व्हे बघायचा सल्ला सोळा आणे खरा. जीएमआरटीच्या स्वतःच्या अर्काइव्हमध्येही बघा. १८ महिन्यांचा मालकी काळ संपला की डेटा कोणालाही मिळतो. याच फील्डचे जुने ६१० मेगाहर्ट्झचे तास पडून असतील आणि प्रपोजलमध्ये त्यांचा उल्लेख नसेल, तर परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

घाईतला_खगोली
लेगसी सर्व्हेत नाही, आधीच बघितलंय. अर्काइव्हमध्ये ३२५ चे दोन तास आहेत, त्यात काही दिसत नाही. बरं, ५+५ लिहितो. ३सी२८६ चं सांगा.

मीरकाटवाला
हे "३२५ चे दोन तास आहेत" पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं.

वायभुजा
३सी२८६ दोन्ही टोकांना नाही चालणार. तो १३ तास ३१ मिनिटांवर, डेक अधिक ३०.५. म्हणजे साधारण स्थानिक नक्षत्रकाळ (डोक्यावरच्या रेषेवर कुठला आरए आहे ते सांगणारं घड्याळ) ८ ते १८.९ एवढाच १७ अंशांच्या वर. तुमचा सोर्स १७.९ ला उगवतो, २.१ ला मावळतो. सुरुवातीला जेमतेम तासभर ३सी२८६ सापडेल. शेवटी ३सी४८ घ्या, तो २०.२ ते ७.१ वर असतो.

उत्तरायण
३सी१४७ घ्या की मग, अधिक ५० डेकचा आहे, बराच वेळ वर असतो.

वायभुजा
वर असतो, पण नक्षत्रकाळ ० वाजता उगवतो. १८.९ ते २०.२ या सव्वा तासात तिघांपैकी एकही नाही. सेशन १९.५ ला सुरू झालं तर सुरुवातीला फ्लक्स कॅलिब्रेटरच नाही. म्हणून पहिलं सेशन १८ ते २३: आधी ३सी२८६, शेवटी ३सी४८. दुसरं २१ ते २: दोन्ही टोकांना ३सी४८. नक्षत्रकाळाची ही खिडकी फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. नाहीतर शेड्यूल करणारा त्याच्या सोयीने १९ ला सुरू करील आणि दोष त्याचा नसेल.

निरीक्षणवही
उत्तम. आता त्या ५ तासांत सोर्सवर किती ते मोजू. सेटअप आणि पॉवर इक्वलायझेशनला अर्धा तास, फ्लक्स कॅलिब्रेटर १० मिनिटे गुणिले २. उरली २५० मिनिटे. २५ मिनिटे सोर्स, ५ मिनिटे फेज कॅलिब्रेटर (सोर्सजवळचा संदर्भस्रोत), अशा आठ फेऱ्या. सोर्सवर २०० मिनिटे. दोन सेशन मिळून ६ तास ४० मिनिटे. तुम्ही कॅल्क्युलेटरमध्ये १० तास घातलेत ना?

घाईतला_खगोली
हो. म्हणजे ३ चे ३.६ होतील. त्याने काय बिघडतं? हेलो मिलिजान्स्कीत आहे.

निरीक्षणवही
इथेच मेख आहे. नॉइज *प्रति बीम* (दुर्बिणीला दिसणाऱ्या सर्वांत लहान ठिपक्यामागे) असतो, तुमचा फ्लक्स *एकूण* आहे. दोन्ही एका तराजूत घालू नका.

७.५ मिलिजान्स्की, स्पेक्ट्रल इंडेक्स (फ्रिक्वेन्सीनुसार फ्लक्स किती बदलतो) उणे १.३ धरला तर ६५० मेगाहर्ट्झला २.७ पट, म्हणजे २० मिलिजान्स्की. रेडशिफ्ट ०.२ ला १ मेगापार्सेक म्हणजे सुमारे ५ आर्कमिनिट. ५ आर्कमिनिट व्यासाच्या गोलाचं क्षेत्रफळ सुमारे ७०,७०० चौरस आर्कसेकंद. बँड ४ चा पूर्ण रिझोल्यूशनचा बीम ४.३ आर्कसेकंद, क्षेत्र २१ चौरस आर्कसेकंद. म्हणजे हेलो ३,३०० हून जास्त बीमांवर पसरला. प्रति बीम ६ मायक्रोजान्स्की!

आता नॉइज. टी-सिस (यंत्रणेचं तापमान) १०० केल्विन, गेन ०.३५, २६ अँटेना, फ्लॅगिंगनंतर (खराब डेटा वगळल्यावर) २०० मेगाहर्ट्झ, दोन पोलरायझेशन: तासाला ९.३, तुमच्या ६ तास ४० मिनिटांना ३.६. हा कागदावरचा. आरएफआय (मानवी उपकरणांचा रेडिओ गोंगाट) आणि कॅलिब्रेशनची कसर धरून दुप्पट करा, ७ ते ८. सहाचा हेलो आठच्या नॉइजखाली. दिसणार नाही.

घाईतला_खगोली
मग अजून तास मागू?

निरीक्षणवही
नाही! टेपर करा, म्हणजे बीम मोठा होईल. १५ सेकंदांच्या बीमचं क्षेत्र २५५. हेलो २७७ बीमांवर, प्रति बीम ७२ मायक्रोजान्स्की. टेपर केल्यावर लांब बेसलाइनचं वजन जातं, नॉइज २० ते २५ पर्यंत चढेल. सरासरी ३ सिग्मा, मध्यभागी त्याहून बरं. हा हिशेब चार ओळींत प्रपोजलमध्ये लिहा. "३ मायक्रोजान्स्की मिळेल, म्हणून हेलो दिसेल" असं लिहिलंत तर हेलोवर काम करणारा परीक्षक पुढचं वाचणार नाही.

उत्तरायण
आणि ते ७.५ खरे कशावरून? एनव्हीएसएसचा बीम ४५ सेकंदांचा आहे. क्लस्टरमधल्या दोन-चार दीर्घिकांचे बिंदुस्रोत त्यात मिसळलेले असणारच. व्हीएलएएसएस सर्व्हे २.५ सेकंदांचा आहे आणि उणे ४० पर्यंत जातो. त्यातले बिंदुस्रोत शोधा, १.४ वर आणा, वजा करा. ७.५ चे ५ उरले तर वरचे ७२ चे ४८ होतात आणि ३ सिग्माचे २.

घाईतला_खगोली
वजा करून ६ उरतात. आत्ताच केलं.

उत्तरायण
म्हणजे ५८. काठावर आहात. तिसरं सेशन मागा किंवा टेपर २० सेकंदांवर न्या.

मीरकाटवाला
किंवा मीरकाट.

सबअ‍ॅरे_समर्थक
बँड ३ (बँड ४ पेक्षा कमी फ्रिक्वेन्सीचा) पण हवाच. एकाच फ्रिक्वेन्सीवर हेलोचा स्पेक्ट्रम कसा काढणार? अर्ध्या अँटेना बँड ३ ला, अर्ध्या बँड ४ ला लावा, त्याच १० तासांत दोन्ही होईल.

वायभुजा
होईल, आणि दोन्ही बिघडेल. नॉइज अँटेनांच्या जोड्यांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जातो. २६ ला २६ गुणिले २५ म्हणजे ६५०, त्याच्या अर्ध्या १३ ला १५६. नॉइज २.०४ पट. जे मुळातच ३ सिग्मावर टेकलंय ते १.५ वर येईल. शिवाय ३० पैकी १४ अँटेना मधल्या चौकात, १६ तीन भुजांवर. पसरट उत्सर्जन पकडतात त्या छोट्या बेसलाइन चौकातल्याच. चौकच वाटून टाकला तर दोन्ही बँडांत भोक. सबअ‍ॅरे पल्सरवाल्यांना ठेवा.

सबअ‍ॅरे_समर्थक
पल्सरवालाच आहे मी 😀 पण बँड ३ चा मुद्दा सोडू नका. ४०० मेगाहर्ट्झला हाच हेलो ५.१ पट, म्हणजे ३० मिलिजान्स्की होतो आणि बीम ८.३ सेकंद. तिथे दिसायची शक्यता जास्त.

निरीक्षणवही
हे मान्य. बँड ३ ला वेगळं ५ तासांचं सेशन, नक्षत्रकाळ तोच. मग स्पेक्ट्रल इंडेक्स काढताना दोन्हींची यूव्ही रेंज (तरंगलांबीत मोजलेली बेसलाइनची लांबी) सारखी कापा, नाहीतर बँड ३ ला जास्त पसरलेलं दिसेल आणि इंडेक्स खोटाच तीव्र येईल.

घाईतला_खगोली
बँड ३ ला आयनोस्फिअरचा त्रास नाही का? म्हणूनच टाळला होता.

वायभुजा
आहे. खोडद विषुववृत्तीय पट्ट्याच्या जवळ आहे, विषुवदिनांच्या आसपास सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत फेज नाचते. सप्टेंबरअखेरच्या संध्याकाळी घेऊ नका. २२ तासांचा सोर्स ऑगस्टअखेर मध्यरात्री याम्योत्तरावर येतो, जून-जुलैत मध्यरात्रीनंतर. "बँड ३ फक्त मध्यरात्रीनंतर" अशी अट घाला. एप्रिल ते सप्टेंबरचं सायकल तुम्हाला सोयीचं आहे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सूर्यच २२ तासांवर असतो, तेव्हा विसराच.

स्पॅमवाला
डेटा आल्यावर स्पॅम पाइपलाइन चालवा. दिशेनुसार आयनोस्फिअरचं कॅलिब्रेशन तीच करते. बँड ४ चे ५० मेगाहर्ट्झचे सहा तुकडे करा, प्रत्येक वेगळा चालवा, शेवटी डब्ल्यूएसक्लीनमध्ये एकत्र इमेज.

उत्तरायण
पायथन २.७ आणि एआयपीएस आज इन्स्टॉल करून दाखवा, मग बोलू. कॅप्चर पाइपलाइन वापरा, कासा सॉफ्टवेअरमध्ये चालते.

स्पॅमवाला
कॅप्चर दिशेनुसार काही करत नाही. प्रखर स्रोताभोवतीचे काटे तसेच राहतात आणि हेलो त्याच काट्यांत हरवतो.

निरीक्षणवही
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. अजून वेळ मिळालेला नाही त्यांना. फक्त एक: डेटा एलटीए स्वरूपात येतो, आधी लिस्टस्कॅन, मग जीव्हीफिट्स हे प्रोग्रॅम चालवा. ४०० मेगाहर्ट्झच्या बँडविड्थला ४,०९६ चॅनेल पुरे, म्हणजे ९७.७ किलोहर्ट्झ. कंटिन्युअमला १६ हजार चॅनेल मागितलेत तर तुमची डिस्क रडेल.

आकाशवेडा_नाशिक
मुलगी एमएस्सी फिजिक्सला आहे, तिला इथे पीएचडी करायची तर कुठली परीक्षा? आणि दुर्बीण आतून बघता येते का?

उत्तरायण
काका, वेगळा धागा काढा. थोडक्यात: आयुका-एनसीआरए या पुण्याच्या संस्थांची आयनॅट, शिवाय जेस्ट. बघायला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जा, तेव्हा लोकांसाठी खुलं असतं. मोबाइल बंद ठेवा.

जुन्नरकर
अवांतर: पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगाववरून जाणारा मार्ग याच दुर्बिणीपायी बदलला. आमच्या भागाला रेल्वे नाही आणि तुमचं इथे मायक्रोजान्स्की चाललंय.

वायभुजा
@जुन्नरकर, राग समजू शकतो. पण विजेवरच्या गाडीत पेंटोग्राफची ठिणगी प्रत्येक बँडात दिसते, ती फिल्टरने काढता येत नाही. मोबाइलचा पट्टा निदान ठरलेला असतो, तेवढा कापून बाकीचा वापरता येतो.

जुन्नरकर
मग गाडी खालून न्या. बोगद्यातून.

घाईतला_खगोली
रेल्वे नंतर. फेज कॅलिब्रेटर कुठला?

वायभुजा
अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीच्या कॅलिब्रेटर यादीत सोर्सपासून १५ अंशांच्या आतला शोधा. २० सेंटिमीटरच्या ओळीत बी अ‍ॅरेखाली "पी" शेरा हवा. बी अ‍ॅरेचं २० सेंमीचं रिझोल्यूशन आपल्या बँड ४ एवढंच, ४.३ सेकंद, म्हणून तोच रकाना बघायचा. बँड ३ साठी ९० सेंमीची ओळ. "एक्स" असेल तर तो घेऊ नका, फ्लक्स कितीही असू दे.

घाईतला_खगोली
ठीक. बँड ४: ३ गुणिले ५ तास. बँड ३: ५ तास, मध्यरात्रीनंतर. एकूण २०. नक्षत्रकाळ १८ ते २३ एकदा, बाकी २१ ते २. टेपरचा हिशेब टाकला, ६ मिलिजान्स्की धरून. समजा वेळ नाहीच मिळाला, तर डायरेक्टरच्या कोट्यातून मागता येईल का?

निरीक्षणवही
तो कोटा अचानक काही घडलं तर, किंवा छोट्या चाचणीसाठी. २० तासांचा हेलो कुठे पळून जात नाही, पुढच्या सायकलला थांबा असंच उत्तर येईल. आणि ते ३२५ चे दोन तास प्रपोजलमध्ये लिहिलेत का? काही दिसलं नाही तरी त्यातून वरची मर्यादा निघते, ती टाका.

घाईतला_खगोली
नाही लिहिले. टाकतो.

वायभुजा
वरची मर्यादा टाकताना एक बघा. ६ मिलिजान्स्की उणे १.३ ने ३२५ ला किती होतात ते नीट काढा: ४.३ चा १.३ वा घात, सुमारे ६.७ पट, म्हणजे ४०. मर्यादा ४० च्या बरीच खाली निघाली तर तुमचा इंडेक्सच बदलतो, आणि वरचा सगळा हिशेब परत करावा लागेल.

घाईतला_खगोली
५५ निघतेय. चाललं. सबमिट करतो.